थुंकीखालची सायकल

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्यानं भूत पाहिलेलं नसावं.

हे भूत भर दुपारी आलं. वैशाखाच्या उन्हात. सायकलवर बसून.

घडलेली गोष्ट आहे. माझा मामा शालिकराम आणि मामी प्रेमिला, दोघांनी मला ती वेगवेगळी सांगितली आणि दोघांच्या सांगण्यात कुठेच फरक पडला नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण वाचताना तोंडात काही असेल तर ते आधी गिळून घ्या. नंतर गिळवणार नाही.

साल सत्तावन्न. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. मूल गावच्या बाजाराहून मामीच्या माहेरी, पिपरटोल्याला, यायला जंगलातून बैलगाडीची एकच वाट होती. त्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली दगडांचा मोठा ढीग होता.

आमच्याकडे रिवाज आहे. जंगलात कोणी वाईट मरणानं गेलं, वाघानं नेलं, फास घेतला, की त्या जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक दगड नाही तर हिरवी डहाळी टाकून पुढे जातो. मेलेला तिथेच निजून राहावा म्हणून. दगड हळूच ठेवतात. हात जोडतात.

या ढिगापुढे मात्र कोणी हात जोडत नव्हतं.

इथे लोक आधी दगडावर थुंकत. मग तो दगड ढिगावर फेकत.

कारण तिथे बांबूच्या ठेकेदाराचा मुन्शी मेला होता. त्याचं नाव गावात कोणी घेत नाही. मीही घेणार नाही. शाई नासेल.

तोडीच्या दिवसांत गावंच्या गावं जंगलात झोपड्या टाकून बांबू तोडायला राहायची. तलाव आटला की आमचे ढिवरही जायचे. मासे नाहीत, मग खायचं काय? हा मुन्शी तिथे बांबू मोजायचा. तोंडात कायम पान. ओठांच्या कोपऱ्यांत लाल फेस. बुडाखाली विलायती सायकल, लांबच्या दौऱ्यांची, तीन गियरची. कोणा गोऱ्या जंगलसाहेबानं तिच्यावर थेट सिरोंच्यापर्यंत दौरे केले होते आणि देश सोडून जाताना ती याच्या गळ्यात टाकली होती.

मुन्शी ज्या झोपडीसमोर घंटी दोनदा वाजवी, तिथल्या बाईनं बाहेर यायचं.

नाही आली, की दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्यांचे बांबू बाद. आखूड आहेत, किडके आहेत, वाकडे आहेत. वाकडा कोण होता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात तो मोहाची दारू ढोसून त्या झाडाखाली पडला आणि स्वतःच्याच ओकारीत नाक बुडवून मेला. मुंग्यांनी डोळे नेले. गावानं पाहिलं. कोणी हात लावला नाही. ठेकेदाराची माणसं प्रेत घेऊन गेली, आणि शहरात म्हणे त्याच्या तसबिरीला हार घातला. घालणारच. तसबिरीला वास कुठे येतो?

सायकल तिथेच राहिली. बायकांनी विळ्यांनी तिचे टायर कापले, आणि तिच्यावर थुंकून पहिला दगड टाकला.

शालिकराम या गावचा नव्हता. वैनगंगेकाठचा ढिवर. लग्न करून सासरी, घरजावई म्हणून राहिलेला. आणि नदीकाठच्या माणसाचा एक कायदा असतो. जाळ्यात आलं ते जाळेवाल्याचं. भांडं येवो, ओंडका येवो, कोणाचं होतं हे विचारायचं नाही. विचारलं की नदी रुसते.

त्यानं नदीचा कायदा जंगलाला लावला. एवढीच त्याची चूक.

त्या वर्षी तलाव लवकर आटत चालला होता. डबक्यात मासे होते, पण कावडीनं मूलला नेईपर्यंत उन्हानं त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. मासे विकले नाहीत तर बायकोला पुन्हा बांबूच्या तोडीला पाठवावं लागणार. आणि तोडीचं नाव निघालं की प्रेमिलाचं तोंड कसं राख होतं, हे त्यानं पाहिलं होतं. का ते विचारलं नव्हतं. तिला तोडीला पाठवायचं नाही, इतकंच त्यानं मनाशी धरलं होतं.

अशात एका सकाळी अस्वलानं वाळवीसाठी तो ढीग उकरलेला त्याला दिसला. दगडांमधून सायकलचं हँडल वर आलं होतं. पाण्यातून जाळ्याचं टोक वर यावं तसं.

त्यानं ओढलं.

सायकल तलावाच्या पलीकडच्या काठाला नेली, कोणी येत नाही तिकडे. पाण्यात बुडवली. राख आणि भाताचं तूस घेऊन घासघासून धुतली. वर्षानुवर्षांची वाळलेली थुंकी तिच्यावर डिंकासारखी बसली होती. ती सुटली आणि पाण्यावर तांबूस साय धरली. मासे वर आले आणि ती साय खाऊ लागले.

त्याला किळस आली. पण खाली काळं विलायती लोखंड चमकलं, आणि किळस मागे पडली.

माणसाचं असंच असतं.

मूलला नानाजी मिस्त्रीचं दुकान होतं. नानाजी म्हणजे बोलायला जीभ आणि काम करायला दोन हात, तिन्ही एकदम चालणारा माणूस.

"कुठून आनली गा, जवाई?" नानाजीनं सायकल उलटी केली. "ही सायकल नोय. गोऱ्याची घोडी होय. तुह्या मासोऱ्याईचे दिवस फिरले."

"बनन काय?"

"बनन म्हंजे? सासरा पाहून मरन."

"तो कवाच मेला."

"मंग सासू पाहून मरन."

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा गरम करून सरळ केला. चाकं काढून एकेक तार ताणली, रिम हलायची थांबली. जाड टायर घातले. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. टोपली बसेल असं रुंद कॅरिअर घातलं, पुढे दिवा, मागच्या चाकाला डायनमो, दोन स्प्रिंगांची नवी सीट. वरून हिरवा रंग मारला. गावात कोणी ओळखणार नाही, याची सोय.

फक्त घंटी जुनी ठेवली. पितळी होती. तिचा आवाज नव्या घंटीला येत नव्हता.

सगळं जुळत असताना नानाजीनं हँडलच्या मुठी उपटल्या...

नळीतून काहीतरी ओघळलं. ग्रीस नव्हतं.

लाल. तारा सुटणारं. चोथ्यासकट. आणि कोमट.

"अबे!" नानाजी मागे सरकला. "हे काय कोनी पान खाऊन नळीत थुंकलं काय? आत्ताच?"

दोघांनी नळीत तार घालून काढलं. काढत गेले तसं येत गेलं. शेवटी नानाजीनं चिंध्या कोंबून मुठी ठोकून बसवल्या आणि हात रॉकेलनं धुतले. वास गेला नाही. त्या दिवशी त्यानं स्वतःचं पानही खाल्लं नाही.

जुन्या सीटच्या मागे अवजारांची कातडी पिशवी होती. नानाजीनं ती झटकली. पान्हे निघाले नाहीत. बांगड्यांचे तुकडे पडले. हिरवे, लाल, पिवळे. किती तरी हातांचे.

"मुन्शी-फिन्शी कोनी कासार होता काय बे?" नानाजी हसला.

मुन्शी हा शब्द शालिकरामच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. तो नानाजीच्या तोंडून कसा आला, हे नानाजीला पुढेही कधी सांगता आलं नाही.

शालिकरामनं तुकडे पुन्हा पिशवीत भरले. पिशवी चांगल्या कातड्याची होती. टाकवेना. नव्या सीटमागे बांधली.

घरी आणली तेव्हा सासू देवकाबाई अंगणात मरळ चिरत बसली होती. सायकलकडे पाहून तिनं विळी खाली ठेवली.

"कोनाची गा, जवाई?"

"मूलात जुनी भेटली."

प्रेमिला दारात आली. हिरव्या रंगाकडे पाहिलं. मग घंटीकडे पाहिलं. आत गेली आणि पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. पीतच राहिली.

इकडे देवकाबाईनं मरळेचं पोट उघडलं...

आत पानाचा चघळलेला चोथा होता. चुन्यासकट.

म्हातारीनं मासा उचलून उकिरड्यावर फेकला. दुसरा चिरला. त्यातही तेच. त्या दिवशी घरात अंबाडीची भाजी झाली आणि तीही कोणाच्या घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या सकाळी शालिकराम टोपली बांधून निघाला. टोपलीत ओल्या फडक्याखाली जिवंत मासे उड्या मारत होते. सायकल झोकात चालली. गियर पाडला की चढसुद्धा सपाट वाटायचा. आता प्रेमिलाला कुठे जावं लागणार नाही, हेच त्याच्या डोक्यात.

मोहाच्या झाडाजवळ आला.

उकरलेला ढीग तसाच होता. त्यानं मान वळवली आणि पायडल मारलं.

सायकल जड झाली...

टोपली होती तेवढीच होती. पण मागचं कॅरिअर करकरलं. माणूस बसल्यावर करकरतं तसं. शालिकराम मागे वळून पाहणार, तेवढ्यात मानेवर गरम श्वास आला. पानाचा, दारूचा, आणि त्याखाली उन्हात पडलेल्या प्रेताचा वास.

त्यानं पाहिलं नाही. पाय मारत राहिला.

बाजारात फडकं काढलं तर मासे एकमेकांना चिकटलेले. अंगावर चिकट लाळ, लाल धाग्यांची. उचलला की सगळे माळेसारखे वर यायचे.

"तुह्या मासोऱ्या पान खाऊन आल्या काय गा?" एक गिऱ्हाईक म्हणालं आणि सगळा बाजार हसला.

त्यानं टोपली नाल्यात रिकामी केली. कुत्र्यांनी येऊन हुंगलं आणि कुत्रीही परत गेली.

परतताना दुपार कलंडायला आली होती. जंगलात बायका तेंदूपत्ता तोडून परत येत होत्या. डोक्यावर पानांचे गठ्ठे, हसत, एकमेकींना शिव्या देत. शालिकरामचा हात हँडलवर होता. घंटीवर नव्हता.

घंटी वाजली...

दोनदा.

बायका जागीच थिजल्या. गठ्ठे पडले. एकीनं पदर छातीशी गच्च आवळला. कोणी शालिकरामकडे पाहत नव्हतं. सगळ्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे होती.

कॅरिअरवर.

बुधरी नावाची गोंडीण सगळ्यांत थोराड. तिनं दगड उचलला.

"मांगं कोनाले बसवून राह्यला तू?"

"कोनी नाई, बाई. रिकामी टोपली हाय."

"टोपली हासते काय?"

दगड आला. शालिकरामच्या कानाजवळून गेला. मागे कशावर तरी आदळला, ओल्या मांसावर आदळावा तसा आवाज आला. आणि त्याच्या मानेवर गरम पिचकारी पडली.

त्यानं हात फिरवला. हात लाल झाला.

घरापर्यंत तो सायकल सोडून पळाला असता तर बरं झालं असतं. पण सायकलीचा मोह सुटत नाही. बायको वाचवायची म्हणून आणलेली वस्तू आता बायकोपेक्षा मोठी झाली होती. अंगणात सायकल उभी केली, विहिरीवर मान घासून धुतली, आणि मनाशी ठरवलं की उद्या हळदकुंकू वाहू, नारळ फोडू. मेलेल्या मुन्शीला नारळ! कीव येते माणसाची.

उन्हं अंगणात तिरपी झाली होती. सायकल स्टँडवर उभी. जवळ कोणी नाही.

मागचं चाक हळूहळू फिरायला लागलं. डायनमो घरघरला. भर उजेडात दिवा लागला...

आणि घंटी वाजली. दोनदा. प्रेमिलाच्या दारासमोर.

आत भांडं पडलं.

प्रेमिला बाहेर आली. येत नव्हती, ओढल्यासारखी येत होती. डोळे खाली. पावलं टाकायची नाहीत असं ठरवून टाकलेली पावलं. शालिकरामनं तिला उंबऱ्यावरच धरलं. तिचं अंग थंडगार होतं आणि ओठांना भेगा पडल्या होत्या.

"सोडा मले," ती म्हणाली. "मी नाई गेली तं बाबाचे बांबू बाद करन तो."

तिचा बाप मरून वर्षं झाली होती.

देवकाबाईनं धावत येऊन लेकीच्या तोंडावर पाणी मारलं. मग सायकलकडे गेली, सीटमागची ओळखीची पिशवी ओढून काढली आणि जमिनीवर उलटी केली. तुकड्यांतून एक हिरवा, पिवळ्या ठिपक्यांचा, प्रेमिलानं स्वतःच्या हातानं वेचला.

"हे माही होय."

मग तिनं सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट. शालिकरामला कधी न सांगितलेली.

"घंटी वाजवली त्यानं. मी गेली नाई. तं झोपडीत शिरून हात धरला. मी चावली आन् पळाली. बांगड्या त्याच्या हातात राह्यल्या. दुसऱ्या दिवशी समद्याईसमोर मले उभं केलं आन् तोंडावर थुंकला. पानाचं. डोळ्यात गेलं, तोंडात गेलं. कोनी बोललं नाई. बाबा खाली मान घालून बांबू बांधत राह्यला."

डायनमो घरघरत होता.

"समद्या बायका त्या ढिगावर थुंकल्या," प्रेमिला म्हणाली. "मले नाई आलं. तोंडच सुकते माहं. तवापासून."

शालिकरामनं कुऱ्हाड उचलली. देवकाबाईनं हात धरला.

"तोडून काई नाई होत, जवाई. तो दगडाखाली नोता दबला. आमच्या थुंकीखाली दबला होता. तुमी धुतली. साजरी केली. रंग लावला. बसाले जागा रुंद केली. तो काऊन नाई बसन?"

शालिकरामची मान खाली गेली. ओली मान.

उजेड होता तोवरच निघाले. तो सायकल ढकलत पुढे, मागे मायलेकी. सायकल ढकलावी लागली नाही. आपणहून चालली, इतकी हलकी की हात सुटला असता तर पुढे पळाली असती. त्या हलकेपणाचीच त्याला जास्त भीती वाटली. कॅरिअर रिकामं होतं, म्हणजे मुन्शी उतरला होता. आणि प्रेमिला मागे सारखी पदर झटकत होती. कोणी ओढतंय तसा.

वाटेत बुधरी आणि तेंदूवाल्या बायका भेटल्या. कोणी विचारलं नाही. गठ्ठे ठेवले आणि निघाल्या.

ढिगाच्या खड्ड्यात सायकल आडवी केली. शालिकरामनं स्वतः नवे टायर विळ्यानं कापले. हिरवा रंग दगडानं खरवडला. मग बायकांनी सुरुवात केली. थुंकायचं, फेकायचं. थुंकायचं, फेकायचं. काही बोलणं नाही, ओरडणं नाही. भात रोवायला उभ्या राहाव्यात तशा ओळीनं.

हँडल बुडालं. सीट बुडाली. दगडांचा ढीग कमरेएवढा झाला.

आणि ढिगाच्या आतून घंटी वाजली...

दोनदा.

पुन्हा दोनदा.

बायकांचे हात थांबले. सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. ती हातात दगड घेऊन उभी होती. ओठ हलत होते, तोंडात टिपूस नव्हता. तिची पावलं ढिगाकडे सरकायला लागली.

देवकाबाईनं कमरेच्या गाठीतून चिंचेचं बुटूक काढलं. बोटानं लेकीच्या दातांत घातलं, लहानपणी औषध घालावं तसं.

"चोख, माय."

प्रेमिलानं चोखली. डोळे मिटले. गालफडं आत गेली. जबडा हलला. घंटी वाजतच होती, आता जोरात, चिडल्यासारखी.

मग ती थुंकली.

मामा सांगायचा, एवढ्या लहान बाईच्या तोंडातून एवढी थुंकी येते हे त्यानं पुन्हा कधी पाहिलं नाही. इतक्या वर्षांची होती ती. दगडावर नाही, थेट ढिगाच्या फटीत. मग तिनं दगड घातला.

घंटी एकदा वाजली. दुसरी अर्ध्यात बंद झाली.

त्यानंतर शालिकराम मरेपर्यंत कावडीनंच मासे नेत राहिला. विकले नाहीत तर नाही. प्रेमिलाला तोडीला कधी पाठवलं नाही. सायकलवर तो पुन्हा बसला नाही आणि कोणाला मागून मानेजवळ येऊ दिलं नाही. न्हावीसुद्धा समोर बसूनच मानेवरचे केस काढायचा. तो गेला तेव्हा अंघोळ घालताना मी पाठीशी होतो. मानेवर तळहाताएवढा लाल डाग होता. पाणी टाकलं, साबण लावला. डाग तसाच. आणि ओला. आम्ही पुसत होतो आणि तो ओला होत होता.

मग ती वाट रुंद होऊन डांबरी झाली. सडकेच्या कामावर आलेल्यांना खडी हवी होती. ढीग आयता मिळाला. दगड फोडून रस्त्यात घातले. मी जाऊन विचारलं, खाली काय निघालं?

"काही नाही," मुकादम म्हणाला. "माती."

सायकल नाही. एक तार नाही. घंटी नाही.

हे कळलं त्या दिवसापासून म्हातारी प्रेमिलामामी रोज संध्याकाळी काठी टेकत त्या वळणावर जायची. कमरेला चिंच. सडकेच्या कडेला बसायची, चोखायची, थुंकायची, परत यायची. एस.टी.तली माणसं हसायची. मी एकदा म्हटलं, मामी, आता ढीगच नाही, मग कशाला?

"दगड गावाचे होते, नेले त्याईनं," ती म्हणाली. "थुंक माही हाय."

मामी गेली. तिच्यासोबतच्या बायकाही गेल्या. आता त्या वळणावर थुंकायला कोणी नाही. तेंदूच्या दिवसांत पोरी तिथून एकट्या जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, मागून सायकल येते... बाजूला सरकावं तर पुढे कोणी जात नाही.

मी एस.टी.नं जाताना त्या वळणावर खिडकीतून थुंकतो. कंडक्टर रागावतो. मागच्या खेपेला रागावला नाही. माझ्या मानेकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून दिला.